‘भुकेल्याला भाकर द्या, विषय संपला’ हे मला अजिबात पटत नाही

रब्बी (धागाकर्ता)

‘कडकभाकरी’ यांनी परवा इथं लिहिलं होतं : "जगभरच्या संस्था आता कुपोषणावर शेती, आरोग्य, पाणी, शिक्षण असं सगळं एकत्र घेऊन संशोधन करणार म्हणे. पन्नास वर्षं हेच चाललंय. भुकेल्याला भाकर द्या, विषय संपला." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

भाकरीनं विषय संपणार असता तर सगळ्यात आधी तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात संपला असता. मालदांडी ज्वारीची निवड १९३०च्या दशकात मोहोळला झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रानं लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘सोलापूर लाल’ हे डाळिंबाचं वाण २०१७ साली बाहेर काढलं. उजनीचं पाणी आहे, कारखाने आहेत, पंढरपुरी म्हैस आहे. मग मुलं का वाढत नाहीत? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. आधीच्या फेरीत हाच आकडा ३४.४ होता. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली मुलं दोन्ही फेऱ्यांत २५.६ टक्के. मधल्या वर्षांत योजना किती आल्या आठवा, आणि आकडा जागचा हलला नाही.

मी शेतीच्या बाजूनं या विषयात आलो. उजनीचं पाणी आलेल्या कुठल्याही गावातलं एक घर घ्या. रानात ऊस आला, ज्वारी कडब्यापुरती उरली. उसाचे पैसे येतात तेव्हा एकदम येतात आणि उचल फेडण्यात जातात. सून सतराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, पहिलं बाळ अडीच किलोच्या आत. कृषी खात्याच्या वहीत या घराचं उत्पन्न वाढलं. आरोग्य केंद्राच्या वहीत सुनेचं हिमोग्लोबिन आठ. अंगणवाडीच्या वहीत पोर मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित. पाणीपुरवठ्याच्या वहीत नळजोडणी पूर्ण. चारही नोंदी खऱ्या आहेत, पण त्या एकाच घराच्या आहेत हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. एकात्मिक संशोधन म्हणजे ह्या वह्या शेजारी ठेवून बघणं.

युनिसेफनं १९९० सालीच कारणांचा आराखडा मांडला : वर आहार आणि आजार, त्याखाली घरातलं अन्न, बाळाची निगा, पाणी आणि दवाखाना, अगदी तळाशी पैसा, सत्ता, बाईचं घरातलं स्थान. २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब आला की पोषणाचे दहा खात्रीचे उपाय ९० टक्के लोकांपर्यंत नेले तरी खुजेपणा साधारण एक पंचमांशानंच कमी होईल. उरलेले चार पंचमांश कुठं आहेत? ते शोधायचं नाही का?

कडकभाकरी

माझ्या नावानं धागा काढलात, बरं झालं, मोकळं बोलतो. मी बहात्तरच्या दुष्काळातला पोरगा आहे. आई खडी फोडायला जायची, मी बरोबर. दुपारी सुकडी मिळायची. ती मुठीत घट्ट दाबून चघळत बसायची चव अजून तोंडात आहे. आमच्या तांड्यावर कुणी रक्त तपासायला आलं नाही, कुणी फॉर्म भरून घेतले नाहीत. काम दिलं, सुकडी दिली, आम्ही जगलो.

माझा राग ज्ञानावर नाही, वेळकाढूपणावर आहे. ‘लॅन्सेट’मधून २००८ला कळलं होतं, मग गरोदरपणापासून बाळाच्या दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांचं महत्त्व कळलं, २०१३ला परत कळलं. जगात पाच वर्षांखालची १४ कोटी ८० लाख मुलं खुजी आहेत, हा २०२२चा आकडा. अजून किती कळायचं बाकी आहे? गाडीभाडं, कार्यशाळा, हॉटेलातली जेवणं, यावर जातो तो पैसा पोराच्या ताटात घाला.

सेविका_दक्षिण

दोघांचंही वाचलं. रब्बी दादा, तुम्ही ‘वह्या शेजारी ठेवा’ म्हणता. त्या वह्या लिहितं कोण? मी लिहिते. आतापर्यंत जेव्हा जेव्हा वरून ‘एकत्रित’ हा शब्द आला, तेव्हा सगळं काम माझ्या मांडीवर येऊन एकत्र झालं. शौचालय मोजा, मतदार मोजा, गरोदर मोजा, जंतनाशक वाटा, फोटो टाका, ॲपमध्ये चेहरा दाखवा. नेट नसलं की पोराला खाऊ घातलं तरी घातलं नाही असं दिसतं. २०२३च्या डिसेंबरात आम्ही संपावर बसलो ते हौस म्हणून नाही.

आणि तुमचा सगळा आकडा ज्यावर उभा आहे ते माप कसं घेतात ते बघायला या एकदा. दोन वर्षांखालचं पोर आडवं झोपवून लांबी घ्यायची. एकीनं डोकं पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून पाय सरळ करायचे. पोर आकांत करतं, आई म्हणते सोडा, मदतनीस स्वयंपाकात. गुडघे वाकलेलेच राहतात आणि लांबी दीड-दोन सेंटीमीटर कमी भरते. मग काय होतं? पोर आहे त्याहून खुजं लागतं, आणि त्या कमी लांबीला त्याचं वजन बरोबर दिसतं, म्हणून खरं सॅमचं, म्हणजे तीव्र कुपोषित, पोर नॉर्मलमध्ये जातं. त्याला ना व्हीसीडीसी (गावातलं बालविकास केंद्र) मिळत, ना पुनर्वसन केंद्रात खाट. माझ्या हाताखाली असं घडलेलं आहे. आधी दुसरी माणूस द्या, मग संशोधन सांगा.

ओपीडी

ताईंच्या मापाच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. दंडाची पट्टी तरी व्यवस्थित लावा, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की पाठवून द्या, एवढं झालं तरी जीव वाचतात.

रब्बी, तुमच्या मूळ मुद्द्याला मात्र पुरावा विरोधात जातो. ‘सगळं एकत्र केलं की जास्त फायदा’ हे तपासून झालंय, तेही मोठ्या प्रमाणावर. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे. पाणी शुद्ध केलं, संडास दिले, हात धुवायला लावले, काही गटांना त्याबरोबर पोषण दिलं, काहींना नुसतं पोषण. २०१८-१९ला निकाल आले. नुसत्या पोषणानं उंचीत थोडा फरक पडला. स्वच्छतेनं उंचीत काही फरक नाही. दोन्ही एकत्र केल्यावर नुसत्या पोषणापेक्षा जास्त काही मिळालं नाही. आराखडा भिंतीवर छान दिसतो, पण मूल आराखड्याप्रमाणे वाढत नाही. माझ्याकडे पोर येतं तेव्हा मी जुलाब थांबवतो, निमोनिया बघतो, आईला सांगतो की सहाव्या महिन्यानंतर नुसतं दूध पुरत नाही. एकेक काम नीट करा.

रब्बी

डॉक्टर, त्या चाचण्यांचे निकाल तुम्ही सांगितले तसेच आहेत. पण तिथं पाण्यात टाकायला क्लोरीन, खड्ड्याचा संडास, अंगणात हात धुवायची सोय एवढंच दिलं होतं. नळाला रोजचं पाणी दिलं नव्हतं. ते काम करणाऱ्यांनीच नंतर लिहिलं की असे स्वस्तातले उपाय घाण थांबवायला पुरत नाहीत, याच्या कितीतरी पुढचं काहीतरी लागेल. आपल्या शहरात पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय. पिंपात साठतं, त्यात तांब्या बुडतो, त्या घरात ‘हात धुवा’चा कागद चिकटवून काय होणार, हे त्या चाचण्यांनी सिद्ध केलं. हे कळायलाही संशोधनच लागलं.

आणि एकत्र काम केल्याचं जवळचं उदाहरण देतो. बाजरीचं ‘धनशक्ती’ वाण. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं लोह जास्त असलेली बाजरी निवडली, पण ‘दाण्यात लोह आहे’ एवढ्यावर थांबले नाहीत. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना त्या बाजरीच्या भाकरी काही महिने खायला दिल्या आणि रक्तातलं लोह मोजलं. साठा वाढलेला दिसला. पैदासकार आणि पोषणतज्ज्ञ एका टेबलावर बसले नसते तर ते वाण नुसतं उत्पादनाच्या क्विंटलवर मोजलं गेलं असतं.

पूर्वभागातली_लेक

इथं सगळे रानातलं बोलतायत. सोलापूर म्हणजे फक्त ज्वारी नाही. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं. हजार विड्या झाल्याशिवाय ती उठायची नाही, कारण कारखान्यात नेल्यावर त्यातल्या काही बाद व्हायच्या आणि त्यांची मजुरी बुडायची. माझा धाकटा भाऊ त्या सुपाशेजारी वाढला. वरचं खाणं म्हणजे चहात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर. ते आईच्या आडाणीपणामुळे नव्हतं. मऊ भात शिजवून एका पोराला चमच्यानं भरवायला पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात शे-सव्वाशे विड्या होतात. तेवढी मजुरी सोडायची ताकद घरात नव्हती.

डॉक्टर, तुम्ही आईला सांगता ‘सहा महिन्यांनंतर वरचं द्या’. आमच्या आईला दवाखान्यात तेच सांगितलं. मराठीत सांगितलं. घरी आम्ही तेलुगू बोलतो. भिंतीवरचे तक्ते आजही मराठीतच आहेत. आणि कळलं असतं तरी वेळ कुठून आणायचा? मजुरी, भाषा, तंबाखूची धूळ आणि बाळाचं जेवण हे एका खोलीत एकत्रच असतं. म्हणून मी रब्बींच्या बाजूनं आहे. पण संशोधन करायला येणारे आईला ‘काल बाळानं काय काय खाल्लं’ एवढं विचारून जातात. ‘काल किती विड्या वळल्या’ हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

सांगोलकर

एवढी मोठमोठी पोस्ट लिहिलीत, अंड्याचं नाव कुणी काढलं नाही! इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना रोज एक अंडं सहा महिने दिलं, खुजेपणा ४७ टक्क्यांनी घटला. २०१७ साली छापून आलंय. आपल्याकडे शाळेत आठवड्याला एक अंडं २०२३च्या शेवटी सुरू झालं आणि २०२५च्या जानेवारीत सरकारनं त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून द्या म्हणे! माझी पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. अंड्याच्या दिवशी हजेरी भरलेली असायची, हे शाळेतल्या गुरुजींनीच मला सांगितलं. एकात्मिक राहू द्या, हे एक परत आणा.

तुळशीमाळ

आठवड्याला एक अंडं गेलं म्हणून एवढा आक्रोश? ज्यांना चालत नाही त्यांना केळं होतंच. आमच्या पंढरपूर भागात निम्मी घरं माळकरी आहेत. पंगतीत एकाच्या ताटात अंडं आणि शेजारच्या पोराच्या ताटात केळं ठेवलं की पोरं एकमेकांना चिडवतात. माझ्या नातवाला चिडवलंय. पोषणासाठी शेंगदाणे, हरभरे, दूध आहेच की.

सांगोलकर

माऊली, केळ्यात प्रथिनं ग्रॅमभर आणि अंड्यात सहा. ही अदलाबदल बरोबरीची नाही. तुमच्या नातवाच्या घरी दूध असेल. ज्याच्या घरी नाही त्याच्या ताटातलं तुमच्या भावनेसाठी काढायचं का?

तुळशीमाळ

मी काढा म्हटलं का? नीट वाचत चला. माळेचा अपमान करायची हल्ली पद्धतच पडलीय.

सांगोलकर

माळेला मी एका अक्षरानं बोललो नाही. माझी आजी वारीला जायची, तिच्याही गळ्यात माळ होती. पण आजारी नातवाला ती शेजारणीकडून अंडं आणून देत होती. देव पोराच्या जिवापेक्षा मोठा नसतो, असं ती म्हणायची.

ओपीडी

भांडू नका. अंड्याच्या बाबतीतही पूर्ण गोष्ट सांगा, अर्धी नको. इक्वेडोरसारखीच चाचणी नंतर मलावीत केली, उंचीत फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासून सरोवरातले मासे खात होती आणि मुळात खुजेपणाही कमी होता. म्हणजे ज्या घरात प्राणिज अन्न नाही तिथं अंडं उपयोगी पडण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या जिल्ह्यातली बरीच घरं त्यात बसतात. दुसरं, शाळेतलं अंडं सहा वर्षांच्या पुढं मिळतं. उंचीचं नुकसान पहिल्या दोन वर्षांत होऊन गेलेलं असतं. शाळेतलं अंडं द्याच, मी त्याच्या बाजूनं आहे, पण खुजेपणाच्या नावावर त्याचं बिल फाडू नका.

सेविका_दक्षिण

दोन वर्षांखालच्यांना द्यायचं तर ते माझ्याकडून जाणार. अंगणवाडीतल्या पोरामागं दिवसाला आठ रुपये हा दर २०१७ला ठरला. त्यात अंडं, तेल, डाळ, गॅस कसं बसवायचं ते इथल्या तज्ज्ञांनी मला लिहून द्यावं.

म्हैसवाला

मी मोहोळ तालुक्यातला, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. दुधाचं नाव निघालं म्हणून बोलतो. माझ्या दावणीला पंढरपुरी म्हशी हायत. सकाळचं दूध सगळं डेअरीला. घरात चहापुरतं ठेवतो. दर दहा दिवसाला पगार येतो, त्यात पेंड, कडबा, डॉक्टर, पोरीची फी. दूध घरात ठेवायचं म्हंजे नोटा पिण्यासारखं वाटतं, बायको ठेवू देत न्हाई आन मी पण न्हाई. ज्वारीचं म्हणाल तर उपटणीला माणूस मिळत न्हाई. ऊस तोडायला टोळी येती, ज्वारी उपटायला कोण येतंय?

आणिक एक, ताईंना वाईट वाटंल. अंगणवाडीतनं घरी पोरापायी जे खाऊचं पाकीट येतं ते आमच्याकडं आंबोणात जातं. पोर खातच न्हाई, तोंडात धरून थुंकतंय. ते पाकीट म्हशीला, म्हशीचं दूध डेअरीला, डेअरीचं पैसं दुकानात, आन पोराच्या हातात पाच रुपयाचा पुडा. आमी काय मुद्दाम करत न्हाई. पण असं हाय.

सेविका_दक्षिण

वाईट कशाला वाटेल, मला माहीत आहे. वरिष्ठांना सांगितलं की विचारतात, ‘तुमच्या प्रबोधनात कमी पडलं का?’ चव बघा म्हणून कुणी पाकीट फोडत नाही.

कडकभाकरी

म्हैसवाल्या दादांनी लिहिलंय ते वाचून बराच वेळ बसलो. सुकडी आम्ही खाल्ली कारण घरात दुसरं काहीच नव्हतं. आज घरात पैसा फिरतोय आणि पोर तरी रिकामंच आहे, हे बहात्तरपेक्षा वेगळं आहे, एवढं मान्य करायला मी तयार आहे. नुसत्या भाकरीनं हे सुटत नाही, ठीक. पण रब्बी, हे सगळं या धाग्यावर एका म्हैसवाल्यानं आणि एका विडीवाल्या बाईच्या मुलीनं सांगितलं. तुमच्या कुठल्या संस्थेनं? त्यांना विचारायला परदेशी निधी लागतो का?

रब्बी

निधी लागत नाही, पण विचारायची शिस्त लागते. म्हैसवाल्यांनी सांगितलेली साखळी शेतीचं सर्वेक्षण करणाऱ्याला दिसली नाही, कारण तो गोठ्यापर्यंत येऊन थांबला. आहाराचं सर्वेक्षण करणाऱ्यालाही दिसली नाही, कारण तो स्वयंपाकघरातून मागं फिरला. वर्धा आणि ओडिशातल्या कोरापूट जिल्ह्यात स्वामिनाथन फाउंडेशननं नेमकं हेच दोन टोकांकडून बघायचा प्रयत्न केला : कोणतं पीक, कोणती परसबाग, ताटात काय आलं. तिथं घरात डाळी आणि भाज्या वाढल्या.

आपल्याच राज्यात कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ साली सुरू झालं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २०१२पर्यंत २३ टक्क्यांच्या आसपास आला. त्याची कारणं शोधायला बसले तेव्हा एकच एक योजना सापडली नाही. मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, दवाखान्यातली बाळंतपणं, आहार, अंगणवाडीतल्या भरलेल्या जागा, सगळं थोडं थोडं एकाच वेळी सरकलं होतं. पेरू देशात २००८ ते २०१६ या काळात खुजेपणा २८ वरून १३ टक्के झाला. तिथं दरवर्षी मोजणी होते आणि पैसा त्या मोजणीशी बांधलेला आहे. डॉक्टरांच्या चाचण्यांना माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एका गावात चार गोष्टी वाटल्या की उंची वाढते असा माझा दावा नाही. कुठल्या घरात कुठली गोष्ट अडलीय ते आधी ओळखा, असा आहे. विडीच्या घरात वेळ अडलाय, मोहोळच्या घरात दूध अडलंय. दोन्हीकडे एकच पाकीट पाठवून चालत नाही.

ओपीडी

‘कुठं अडलंय ते ओळखा’ एवढ्यापुरतं मान्य. त्याला तुम्ही एकात्मिक संशोधन म्हणा, आम्ही निदान म्हणतो. पण निदानानंतर औषधही लागतं, आणि त्याचा दर आठ रुपयांवर अडकलाय, हे ताई म्हणाल्या ते विसरू नका.

तुळशीमाळ

अंड्याचा मुद्दा अर्धवट सोडून सगळे पुढं गेले. गावातल्या पालकसभेत घरोघरी विचारून यादी करा, हवं त्याला अंडं द्या, नको त्याला दूध द्या, केळं नको. एवढं असेल तर माझा विरोध नाही.

सांगोलकर

हे आधी लिहिलं असतं तर एवढं झालं नसतं. यादी करायला मी येतो.

सेविका_दक्षिण

यादी परत माझ्याच वहीत येणार, हे आत्ताच सांगून ठेवते. रब्बी दादा, तुमच्या ओळखीतलं कुणी खरंच अभ्यास करायला येणार असेल तर माझ्या अंगणवाडीत या, मंगळवारी वजनाचा दिवस असतो. वजनाची वही, लसीची वही, कोणाच्या घरी म्हैस आहे, कोण तोडीला गेलं, कोणाची सून माहेरी आहे, सगळं सांगते, त्यातलं निम्मं तर वहीत नाहीच. पण नवीन ॲप आणू नका, आणि लांबी घेताना गुडघे धरायला एक माणूस घेऊन या.